कागदावर सही कुणाची?

पत्र थोडक्यात: अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ३४ वर्षांच्या एका वाचक ताईंचं हे पत्र आहे. त्यांचे दादा ४७ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. महिन्याभरापूर्वी परिपाठ चालू असताना मुलांसमोरच त्यांना फिट आली. त्याआधी दोनेक महिने बोलताना मध्येच शब्द अडायचा, घरच्यांनी ते थकव्यावर ढकललं होतं. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ दिसली, रिपोर्टवर ‘ग्लायोमाची शक्यता’ असं लिहिलं आहे. मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या न्यूरोसर्जरी विभागाने शस्त्रक्रिया सुचवली आहे आणि तीही रुग्णाला जागं ठेवून. सोबत दोन कागद दिलेत. एक शस्त्रक्रियेच्या संमतीचा, दुसरा गाठीचा तुकडा आणि थोडं रक्त संशोधनासाठी जपून ठेवण्याच्या संमतीचा. गाठीचा प्रकार कळल्यावर एखाद्या औषधाच्या चाचणीत भाग घ्याल का हेही विचारू, असं निवासी डॉक्टर म्हणाले. काकांचं म्हणणं, ‘सरकारी दवाखान्यात गरिबावर प्रयोग करतात, दोन एकर विकू पण खासगीत नेऊ.’ वहिनी काहीच बोलत नाहीत. दादांना ‘साधी गाठ आहे, काढली की झालं’ एवढंच सांगितलंय. ताई विचारतात: त्या दुसऱ्या कागदावर मी सही करू का? खासगीत न्यावं का? आणि खरं कळलं तर दादा खचेल, म्हणून शस्त्रक्रिया होईपर्यंत लपवून ठेवतोय, ते बरोबर आहे ना?

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. काका काय म्हणतात ते त्यात आहे, तुमच्या मिस्टरांचं मत आहे, गावातल्या मेडिकलवाल्याचंही आहे. वहिनी गप्प आहेत हेही तुम्ही लिहिलंत. दादा काय म्हणतात, हे मात्र चार पानांत कुठेच सापडलं नाही.

मी तुमचा दोष काढत नाहीये. एका सार्वजनिक रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात मी बरीच वर्षं काढली. मेंदूत गाठ निघालेला माणूस वॉर्डात आला की घरचे त्याच्याभोवती असंच कडं करून उभे राहतात. मायेपोटीच करतात. डॉक्टर आले की त्यांना दाराबाहेर गाठतात, डोळ्यांनी खुणा करतात, फाइल उशाशी न ठेवता पिशवीत घालून ठेवतात. आणि कॉटवरचा माणूस छताकडे बघत पडून राहतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. ती सही तुम्ही करायचीच नाही. दादा सज्ञान आहेत, शुद्धीवर आहेत, त्यांना बोललेलं समजतं. अशा वेळी शस्त्रक्रियेची संमती त्यांची लागते आणि संशोधनाची तर त्यांचीच लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आणि औषधांच्या चाचण्यांसाठीचे २०१९चे नियम याबाबत स्पष्ट आहेत. माहितीचा कागद रुग्णाला कळेल अशा भाषेत हवा, प्रश्न विचारायला वेळ द्यायला हवा, आणि नातेवाइकाची सही चालते ती रुग्ण बेशुद्ध असेल, लहान मूल असेल किंवा समजून घेण्याच्या स्थितीत नसेल तेव्हा. दादांचे शब्द अडतात म्हणजे त्यांना समजत नाही असं नव्हे. शंका असेल तर डॉक्टर ते तपासून ठरवतील, आपण घरी बसून ठरवायचं नाही.

आता बघा काय होतंय. तो कागद मराठीत दादांच्या हातात जाणार, तर पहिल्या पानावरच ‘मेंदूतील गाठ’, ‘कर्करोग’, ‘संशोधन’ हे शब्द असणार. मास्तरला कागद वाचता येत नाही असं धरून चालता येईल का? ओपीडीबाहेरची पाटीसुद्धा त्यांनी वाचलीच असेल. तुम्ही तीन प्रश्न वेगवेगळे विचारलेत, पण माझ्या लेखी तो एकच प्रश्न आहे आणि त्याची सुरुवात तिसऱ्यापासून होते. म्हणून मीही तिथूनच बोलते.

जागं ठेवून शस्त्रक्रिया, हे शब्द ऐकून तुमच्या पोटात गोळा आला असं तुम्ही लिहिलंय. येणारच. पण ती का करतात ते समजलं की बऱ्याच गोष्टी सुटतील. ग्लायोमा ही मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींपासून झालेली गाठ. बहुतेक ग्लायोमांना स्वच्छ कड नसते. बटाटा उपटावा तशी ती निघत नाही, शेतातल्या हरळीसारखी आजूबाजूच्या चांगल्या भागात शिरलेली असते. दादांची गाठ डाव्या बाजूला आहे, आणि बहुतेकांचं बोलणं मेंदूच्या त्याच बाजूवर अवलंबून असतं. बोलण्याच्या नेमक्या जागा माणसागणिक थोड्या वेगळ्या असतात, पुस्तकातल्या चित्रावरून त्या ठरवता येत नाहीत. म्हणून सर्जन अगदी सौम्य विजेचा स्पर्श एकेका ठिकाणी करतात आणि त्याच वेळी रुग्णाला चित्रं दाखवून नावं विचारतात, आकडे म्हणायला सांगतात. एखाद्या ठिकाणी शब्द अडला की ती जागा सोडून द्यायची. मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते डोक्याच्या कातडीला आणि मेंदूवरच्या आवरणाला, तिथे बधिर करण्याची इंजेक्शनं देतात. पुष्कळ ठिकाणी सुरुवातीला आणि शेवटी झोपवतात आणि मधल्या वेळेपुरतं जागं करतात. त्रास अजिबात नसतो असं मी म्हणणार नाही. एकाच कुशीवर तासन्‌तास पडून राहावं लागतं, अंग अवघडतं, थंडी वाजते, मध्येच फिट येऊ शकते. आली तर मेंदूच्या पृष्ठभागावर थंडगार सलाइन सोडतात, त्याने ती बहुधा थांबते.

एवढं सगळं ज्याच्या सहकार्यावर चालणार आहे त्याला ‘साधी गाठ आहे’ म्हणून आत पाठवायचं? आपण जागे का आहोत, समोरचा माणूस हत्तीचं चित्र का दाखवतोय, हे माहीत नसलेला माणूस घाबरून हलला तर? खरं कळल्यामुळे दादा खचतील या भीतीने तुम्ही लपवताय, पण या शस्त्रक्रियेत न कळणंच जास्त धोक्याचं आहे. सर्जनही तयारी नसलेल्या रुग्णाला जागं ठेवणार नाहीत. मग संपूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया होईल आणि बोलण्याजवळची गाठ सोडून द्यावी लागेल, किंवा बोलणं जाण्याची जोखीम वाढेल.

इथे मला एका भावाची आणि बहिणीची गोष्ट सांगावीशी वाटते, तुम्ही बहीण म्हणून लिहिलंत म्हणून. जाग्या रुग्णाच्या मेंदूचा नकाशा विजेच्या स्पर्शाने काढण्याची पद्धत ज्यांनी रुजवली ते वाइल्डर पेनफिल्ड १९२८ साली कॅनडात मॉन्ट्रिऑलला आले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या थोरल्या बहिणीच्या मेंदूत मोठी गाठ निघाली. वर्षानुवर्षं तिला फिट येत होत्या. शस्त्रक्रिया पेनफिल्ड यांनी स्वतः केली. उजव्या बाजूचा पुढचा बराचसा भाग काढावा लागला आणि तरीही सगळी गाठ निघाली नाही. बहीण घरी गेली, आपल्या सहा मुलांत परत रमली. पंधराएक महिन्यांनी तिने भावाला आणि घरच्या चौघांना जेवायला घालायचं ठरवलं, साधासाच बेत. सगळा दिवस हाताशी होता. जेवायची वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरात गोंधळून उभी होती. सामान सगळं होतं, चुलीवर एकदोन गोष्टी चढल्याही होत्या, पण मांसाला हातच लागला नव्हता आणि कोशिंबीर अर्धवट होती. तिची बुद्धी शाबूत होती, स्वभाव तसाच गोड होता. कामाचा क्रम लावणं तेवढं हरवलं होतं. १९३१ साली ती गेली. १९३४ला मॉन्ट्रिऑलमध्ये पेनफिल्ड यांची मोठी संस्था उभी राहिली आणि १९३५ साली बहिणीच्या त्या संध्याकाळची हकिगत त्यांनी वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली. पुढे त्याच संस्थेत शिकून आलेल्या डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ साली वेल्लोरला न्यूरोसर्जरीचा विभाग सुरू केला, आपल्या देशातला पहिला.

ही गोष्ट मी घाबरवायला सांगत नाही. शस्त्रक्रियेनंतर ‘बोलतोय, चालतोय, ओळखतोय’ एवढ्यावर घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि मग दोन महिन्यांनी हजेरीपट भरता येईना, फळ्यावर लिहिताना ओळ सुटू लागली, भाजी आणायला गेले आणि पिशवी विसरले, की चिडतात. दादांना आळशी, हट्टी ठरवतात. म्हणून शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना विचारा: या जागेच्या गाठीमुळे आणि ती काढल्यामुळे काय बदलू शकतं? बोलणं, वाचणं, लिहिणं, आठवण, राग? वाचा-उपचार तज्ज्ञ किंवा न्यूरो-सायकॉलॉजिस्ट विभागात असतील तर आधीची चाचणी करून घ्या, म्हणजे नंतर तुलना करता येते. दादा मराठी शिकवतात आणि केंद्रावरच्या बैठकांत हिंदीही बोलत असतील. घरात कोणती भाषा, शाळेत कोणती, हे विभागाला सांगा. चाचणी त्या भाषांत घेणं महत्त्वाचं आहे.

मग दादांना सांगायचं कसं? तुम्हाला एकदम सगळं ओतायचं नाहीये, आणि खोटंही बोलावं लागणार नाही, कारण गाठ नेमकी कोणत्या प्रकारची हे आज डॉक्टरांनाही माहीत नाही. ते तुकडा तपासल्यावरच कळेल. आधी दादांना विचारा, ‘दादा, तुला काय वाटतं, काय असेल हे?’ आणि गप्प बसा. मी हा प्रश्न विचारायला लावल्यावर कितीतरी घरांत एकच झालं आहे: रुग्णाला बहुतेक सगळं ठाऊक होतं. एका गृहस्थांनी उशीखालून बँकेचं पासबुक काढून माझ्या हातात दिलं होतं. बायकोचं नाव लावायचं होतं, आणि हे घरी कळू द्यायचं नव्हतं, कारण ‘त्यांना वाटतंय मला माहीत नाही’. दोन्ही बाजू एकमेकांना जपत होत्या आणि दोघांनाही एकटं पडावं लागत होतं.

दुसरा प्रश्न विचारा, ‘तुला किती जाणून घ्यायचंय? सगळं डॉक्टरांकडून ऐकशील, की थोडं थोडं?’ ते ‘तुम्हीच बघा’ म्हणाले तर तोही त्यांचा निर्णय, त्याचा मान ठेवा. पण तो त्यांनी घेतलेला असू दे. बोलणं शक्यतो ओपीडीच्या गर्दीत नको. वॉर्डातल्या सिस्टरना किंवा समाजसेवा विभागाला सांगून निवासी डॉक्टरांकडून पंधरा मिनिटं मागून घ्या. वहिनींना सोबत बसवा. त्या गप्प आहेत असं तुम्ही लिहिलंत, पण त्यांना कुणी काही विचारलंय का? पुढची सगळी वर्षं सगळ्यात जास्त भार त्यांच्यावर असणार आहे.

आता तो दुसरा कागद. काकांची भीती हवेतून आलेली नाही, हे मी आधी मान्य करते. रुग्णाला धड न सांगता औषधांच्या चाचण्या झाल्याच्या तक्रारी आपल्या देशात झाल्या आहेत, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१३ साली नुकसानभरपाईचे आणि नीतिसमित्यांच्या, म्हणजे चाचणी रुग्णाच्या हिताला धरून आहे ना हे तपासणाऱ्या समित्यांच्या, नोंदणीचे नियम कडक झाले ते त्याच धक्क्याने. मी स्वतः शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी स्ट्रेचरवर पडलेल्या माणसाचा अंगठा घेताना पाहिलंय आणि त्यावरून भांडलेही आहे. तेव्हा घाईत पुढे केलेल्या कागदावर सही नको. ‘उद्या वाचून देतो’ म्हणायचा दादांना पूर्ण हक्क आहे.

पण तुकडा जपून ठेवणं म्हणजे दादांवर प्रयोग नव्हे. गाठ काढली की ती आधी निदानासाठी पॅथॉलॉजीकडे जाते. निदानाला पुरून उरलं तर उरलेला भाग नावाऐवजी सांकेतिक क्रमांक लावून थंडगार फ्रीजरमध्ये ठेवतात. डॉक्टरांना एवढंच स्पष्ट विचारा: संशोधनासाठी म्हणून जास्त भाग कापणार नाही ना? निदानाला आधी मिळणार ना? नाव गुप्त राहणार ना? पुढे मन बदललं तर संमती मागे घेता येते ना, आणि त्याचा उपचारावर काही परिणाम नाही ना? चारही उत्तरं नीट मिळाली तर या कागदात दादांच्या जिवाला धोका असं काही नाही. रक्ताची सुई एकदा जास्त टोचेल एवढंच.

असे तुकडे जपण्याची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी आपल्या रुग्णांच्या गाठी काचेच्या बरण्यांत जपून ठेवल्या, त्या आजही येल विद्यापीठात आहेत. अशाच साठ्यावरून पर्सिव्हल बेली आणि कुशिंग यांनी १९२६ साली ग्लायोमाचं पहिलं मोठं वर्गीकरण केलं. तेव्हा पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात एवढंच बघता यायचं. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी बावीस गाठींमधली जनुकं वाचली आणि आयडीएच नावाच्या जनुकातला बदल सापडला. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात ग्लायोमाचं नाव ठरवताना हा बदल आहे की नाही हे पहिल्यांदा बघतात, कारण तो असलेल्या गाठी साधारणपणे सावकाश वाढतात. दादांच्या रिपोर्टवरही ‘आयडीएच’ हा शब्द दिसेल. तो बदल असलेल्या, सावकाश वाढणाऱ्या गाठींसाठी व्होरासिडेनिब नावाच्या गोळीला अमेरिकेत २०२४ साली मान्यता मिळाली. बावीस गाठींपासून एका गोळीपर्यंत सोळा वर्षं लागली. म्हणून दादांना हेही खरं सांगा की दिलेल्या तुकड्याचा फायदा त्यांना स्वतःला होईल अशी आशा धरू नये. तो दुसऱ्या कुणाला तरी, कधीतरी होईल. हे ऐकून दादा काय ठरवतील ते मला माहीत नाही. मात्र ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची मुलं शिकवली त्यांना हा प्रश्न विचारायचाच नाही, हे मला पटत नाही.

औषधाच्या चाचणीचं आज काहीच ठरवायचं नाही. गाठीचा प्रकार कळू दे. पण ‘चाचणी म्हणजे आपल्याला उंदीर करणार’ ही समजूत घेऊन त्या दिवशी जाऊ नका. ग्लायोब्लास्टोमा या सगळ्यात आक्रमक प्रकारात आज जगभर जो उपचार देतात, म्हणजे किरणोपचारासोबत टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल, तो एका चाचणीतूनच आला. २००५ साली तिचे निष्कर्ष आले, त्यात ५७३ रुग्ण होते. अर्ध्यांना त्या वेळचा नेहमीचा उपचार म्हणजे नुसते किरण दिले, अर्ध्यांना त्यासोबत गोळ्या. दोन वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेलं. हे आकडे मी खूप विचार करून लिहिले. त्या प्रकारात अजूनही लढाई अवघड आहे हे त्यातून दिसतं, आणि दादांची गाठ त्या प्रकारची आहे असं आज कुणीही म्हटलेलं नाही. तेव्हा हे आकडे त्यांच्या कपाळी चिकटवू नका. दुसरं उदाहरण आपल्या मुंबईचं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी सौम्य आणि सावकाश वाढणाऱ्या मेंदूच्या गाठी असलेल्या २०० मुलां-तरुणांवर दोन पद्धतींच्या किरणोपचारांची तुलना केली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून दिसलं की गाठीच्या आकाराबरहुकूम अचूक किरण दिले तर गाठ तितकीच आटोक्यात राहते, पण मुलांची बुद्धी आणि संप्रेरकं जास्त चांगली टिकतात. त्या मुलांच्या आईबापांनीही तुमच्यासारखाच कागद हातात धरून विचार केला असेल.

चाचणीत काहींना नकली, म्हणजे औषध नसलेली, गोळी देतात का, असंही तुम्ही विचारलंय. कधीकधी देतात. व्होरासिडेनिबच्या चाचणीतही दिली होती. पण त्यातले रुग्ण शस्त्रक्रियेनंतर लगेच दुसऱ्या उपचाराची गरज नसलेले, नाहीतरी नुसत्या देखरेखीखाली राहणारे होते. चालू असलेला उपयोगी उपचार काढून घेऊन नकली गोळी देणं नीतीला धरून नाही. त्या दिवशी दादा आणि तुम्ही मिळून विचारा की मी चाचणीत आलो नाही तर मला कोणता उपचार मिळेल, आणि आलो तर त्यातलं काय कमी होईल? तपासण्यांचा आणि येण्याजाण्याचा खर्च कुणाचा? इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? नीतिसमितीचा फोन नंबर कागदावर आहे का? आणि भारताच्या चाचणी-नोंदवहीतला, म्हणजे सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. २००९पासून औषधांच्या चाचण्यांची तिथे आधी नोंद करणं बंधनकारक आहे आणि ती कुणालाही बघता येते. दर आठवड्याला गावाहून मुंबईला येणं झेपत नसेल, तर त्या एका कारणासाठी नाही म्हणणंही पुरेसं आहे. वॉर्डात कुणी तोंड वाकडं केलं तरी उपचार थांबवता येत नाही.

आता जमीन. ताई, ती आत्ता विकू नका. दुसरं मत जरूर घ्या, एमआरआयची नुसती फिल्म न नेता सीडी घेऊन जा, पण आठवडाभरात घ्या. हिंडत महिने घालवू नका. खासगी असो की सरकारी, प्रश्न तेच: अशा जाग्या शस्त्रक्रिया इथे वर्षाला किती होतात? आयडीएचसारख्या जनुकीय तपासण्या होतात का, की बाहेर पाठवून त्याचे पैसे आम्हीच भरायचे? सर्जन, किरणोपचाराचे डॉक्टर आणि केमोचे डॉक्टर एकत्र बसून पुढचं ठरवतात का? बहुतेक वेळा मोठ्या सरकारी विभागांचा हात या कामात जास्त बसलेला असतो, कारण रुग्णच तेवढे येतात. तिथे हाल होतात ते रांगेचे, कॉटचे, कोपऱ्यात चटई टाकून झोपण्याचे. ते हाल खरे आहेत, पण ते कमी करायला दोन एकर लागत नाहीत. आणि खर्च शस्त्रक्रियेवर संपत नाही. गाठ वरच्या श्रेणीची, म्हणजे जास्त आक्रमक निघाली तर साधारण सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, शेक म्हणजे किरण घ्यावे लागतात. त्यानंतर महिनोन्‌महिने गोळ्या आणि दर काही महिन्यांनी एमआरआय. जमिनीचे पैसे पहिल्या आठवड्यात एका बिलात गेले तर या लांबच्या वाटेवर काय उरणार?

दादा जिल्हा परिषदेचे कर्मचारी आहेत, तेव्हा वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी केंद्रप्रमुखांना किंवा पंचायत समितीतल्या शिक्षण विभागाला आजच भेटा आणि गंभीर आजारासाठी अग्रिम मिळतो का तेही विचारा. प्रत्येक बिल, प्रत्येक प्रिस्क्रिप्शन मूळ प्रतीत जपा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, पण भरती होण्याआधी, नंतर नव्हे. राहण्यासाठी समाजसेवा विभागाकडून चिठ्ठी मिळते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना आणि नातेवाइकांना वर्षानुवर्षं आसरा देत आली आहे. शेक मुंबईतच घ्यावे लागतील असंही नाही. शस्त्रक्रिया मुंबईला आणि किरण घराजवळच्या केंद्रात, असं डॉक्टरांशी बोलून जमवता येतं. काकांना पुढच्या ओपीडीला सोबत घेऊन जा. भीती घेऊन घरी बसलेल्या माणसापेक्षा, डॉक्टरांना तोंडावर चार प्रश्न विचारून आलेले काका तुमच्या जास्त कामाचे.

शस्त्रक्रियेपर्यंतच्या दिवसांसाठी थोडं. फिटच्या गोळ्यांची एकही वेळ चुकवू नका. सुजेसाठी स्टिरॉइड दिलं असेल तर मनाने बंद करू नका, आणि साखर तपासून घ्या. मोटारसायकल नाही, विहिरीत पोहणं नाही, शिडीवर चढणं नाही, दादा कितीही म्हणाले ‘मला काही होत नाही’ तरी. फिट आलीच तर कांदा, चप्पल काही हुंगवायचं नाही, तोंडात चमचा घालायचा नाही. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर थेट दवाखाना. हे वहिनींना आणि शाळेतल्या एका सहकाऱ्यालाही दाखवून ठेवा.

शस्त्रक्रियेनंतर डिस्चार्ज कार्ड, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि शक्य असल्यास तपासणीच्या स्लाइड-ब्लॉकचा (ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) क्रमांक एका फाइलमध्ये लावा. दुसऱ्या ठिकाणी रिपोर्ट पुन्हा तपासायचा झाला तर तेच ब्लॉक मागवावे लागतात. ही फाइल पिशवीत लपवू नका, दादांच्या उशाशी ठेवा.

आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी आत नेताना अंगठी, करदोडा, घड्याळ सगळं उतरवून तुमच्या हातात देतील, त्यात चष्माही देतील. दादांना जवळचा चष्मा असेल तर तो परत घेऊ नका, भूलतज्ज्ञांना आठवण करा. त्यांना आत चित्रं ओळखायची आहेत.